काचेऐवजी काय वापरावे? प्रयोगशाळेतील भांड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रयोगशाळेतील काचसामानाला टिकाऊ पर्याय कोणता, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे अलीकडे बरीच आली. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. दर सत्रात बीकर, शंकुपात्रे आणि परीक्षानळ्या इतक्या फुटतात की, आता सगळेच सामान प्लॅस्टिकचे घ्यावे, असा विचार विभागात चालू आहे. सर्वांत टिकाऊ प्लॅस्टिक कोणते, ते कृपया सांगावे.

उत्तर : सर्वांत टिकाऊ असे एकच प्लॅस्टिक नाही, आणि सगळे सामान एकदम बदलण्याचा विचार विभागाने सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काच पडली की फुटते, हा तिचा दोष डोळ्यांना लगेच दिसतो. प्लॅस्टिकचे दोष मात्र हळूहळू उघड होतात. ते फुगते, पिवळे पडते, द्रावणातील घटक शोषून घेते किंवा स्वतःतील घटक द्रावणात सोडते, आणि हे सारे होत असताना भांडे वरवर धडधाकटच दिसत राहते. त्यामुळे कोणतेही भांडे बदलण्यापूर्वी त्यात काय ठेवले जाणार, ते किती तापणार, त्याने काही अचूक मोजायचे आहे का आणि ते कशाने धुतले जाणार, एवढे ठरवून घ्यावे. साहित्याची निवड या उत्तरांवरून होते, केवळ न फुटण्याच्या गुणावरून होत नाही.

आधी सध्याच्या काचेकडे पाहू. प्रयोगशाळेत जी चांगली काच वापरतात, ती बोरोसिलिकेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील येना येथे ओट्टो शॉट यांनी या प्रकारची काच विकसित केली आणि १९१५ मध्ये कॉर्निंग कंपनीने ती ‘पायरेक्स’ या नावाने बाजारात आणली. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरॉन ऑक्साइड असते. तिचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर ती किती वाढते याचे माप, अंशामागे दहा लाखांत ३.३ इतका असतो व त्यावरूनच तिला ‘बोरोसिलिकेट ३.३’ म्हणतात. साध्या सोडा-लाइम काचेचा प्रसरणांक सुमारे ९, म्हणजे जवळजवळ तिप्पट असतो. ज्वालेवरून काढलेली साध्या काचेची परीक्षानळी थंड पाण्याखाली धरताच तडकते, त्याचे कारण हेच. तेव्हा तुमच्याकडे जे फुटते आहे ते नेमके कोणत्या काचेचे आहे, हे पहिल्यांदा तपासा. काठाकडून पाहिल्यास साधी काच बहुधा हिरवट दिसते. आणखी एक सोपी आणि विद्यार्थ्यांना आवडणारी कसोटी म्हणजे काचेचा तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहणे. बोरोसिलिकेट काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक जवळपास सारखा, म्हणजे १.४७, असल्यामुळे ती काच त्यात जवळजवळ दिसेनाशी होते, तर साध्या काचेच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. साध्या काचेच्या नळ्या ज्वालेवर जात असतील, तर प्लॅस्टिकचा विचार करण्याआधी त्या बोरोसिलिकेटच्या घेतल्यानेच फूट बरीच कमी होईल.

दुसरी गोष्ट हाताळणीची. काचेचे बळ तिच्या पृष्ठभागावरील बारीक चिरांवर ठरते, हे ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. बीकरच्या तळाशी काचकांडी आपटत ढवळणे, उघडी तार असलेल्या ब्रशने घासणे, ओली भांडी एकमेकांत रचून ठेवणे, या सवयींनी चिरा पडतात, आणि मग एखाद्या दिवशी नेहमीच्याच गरम पाण्याने भांडे ‘आपोआप’ फुटते. काचकांडीच्या टोकाला रबराची टोपी बसवली आणि सिंकच्या तळाशी जाळीदार रबरी चटई अंथरली, तरी दोन-तीन सत्रांत फरक दिसू लागतो. फुटीची नोंद ठेवत असाल, तर भांडे कोठे फुटले, टेबलावर, सिंकमध्ये की ज्वालेवर, तेही त्यात लिहावे. भांडी सिंकमध्येच जास्त फुटत असतील, तर नवे साहित्य घेऊन मूळ कारण दूर होणार नाही.

आता पर्याय. मोजपात्रे, गरणी, धुण्याच्या बाटल्या, नळ्यांचे स्टँड, पाणी आणि विरल आम्ल-अल्कली ठेवण्याचे बीकर यांसाठी पॉलिप्रॉपिलीन घ्यावे. ते हलके आणि चिवट असते, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला टिकते आणि विरल आम्ले, अल्कली व अल्कोहोल यांना दाद देत नाही. मात्र टोल्युइन, झायलीन, पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म अशा द्रावकांत ते फुगते आणि तीव्र नायट्रिक आम्लाने ठिसूळ होते. शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली त्याचा चिवटपणा कमी होतो, त्यामुळे फ्रीझरमधून नुकतेच काढलेले भांडे हातातून सुटले तर तडकू शकते. कमी तापमानाच्या साठवणीसाठी पॉलिथिलीन अधिक बरे, पण ते ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. आतले स्पष्ट दिसायला हवे असेल, तर पॉलिमिथिलपेंटीन घ्यावे. ‘टीपीएक्स’ या व्यापारी नावाने ते अधिक ओळखले जाते. ते जवळजवळ काचेइतके पारदर्शक असते आणि ऑटोक्लेव्ह सोसते. सर्व सामान्य प्लॅस्टिकांत ते सर्वांत हलके, पण पॉलिप्रॉपिलीनइतके चिवट नाही, त्यामुळे टेबलावरून फरशीवर पडल्यास त्याला तडा जाऊ शकतो.

ज्वाला, हॉटप्लेट, वाळूचे तापक किंवा तीव्र आम्लांनी होणारे विघटन जेथे आहे, तेथे काचच ठेवावी. तीव्र सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याचे कामही यातच येते. पाण्यात आम्ल घालताना द्रावण सहज शंभर अंशांच्या वर जाऊ शकते आणि तेवढ्या उष्णतेत प्लॅस्टिकचा बीकर मऊ पडतो. शिवाय प्लॅस्टिक उष्णतेचे वहन काचेच्या मानाने पाच-सहा पटींनी कमी करते, म्हणून बर्फात ठेवलेला प्लॅस्टिकचा बीकर बाहेरून गार लागतो आणि आतले द्रावण तापलेलेच राहते. हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते, कारण बीकरला बाहेरून हात लावूनच ते अंदाज घेतात.

अभिकर्मकांच्या बाटल्यांसाठी एक मधला मार्ग आहे. बाहेरून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या काचेच्या बाटल्या मिळतात. अशी बाटली पडली तर आतली काच फुटते, परंतु तुकडे आणि द्रव हे दोन्ही त्या थरात अडकून राहतात. तीव्र आम्लांच्या व ज्वालाग्राही द्रावकांच्या मोठ्या बाटल्यांसाठी आम्ही याच बाटल्या सुचवू.

प्रश्न : शाळेत विद्यार्थ्यांना प्रमाणित द्रावणे करायला शिकवताना १०० मिलीलिटरचे प्लॅस्टिकचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क वापरले तर चालतील का? ते काचेच्या फ्लास्कइतकेच अचूक असतात, असे विक्रेता सांगतो.

उत्तर : शिकवण्यापुरते चालतील, मात्र विक्रेत्याचे म्हणणे पूर्ण खरे नाही. फ्लास्कवरील खूण २० अंश सेल्सिअसला लावलेली असते. तुमची प्रयोगशाळा ३० अंशांवर असेल, तर १०० मिलीलिटरच्या बोरोसिलिकेट फ्लास्कचे आकारमान खुणेपर्यंत केवळ ०.०१ मिलीलिटरने वाढते. तोच फ्लास्क पॉलिमिथिलपेंटीनचा असेल, तर वाढ सुमारे ०.३५ मिलीलिटर होते, आणि पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर ती ०.३ ते ०.४५ मिलीलिटरच्या दरम्यान असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलीलिटरच्या ‘अ’ वर्गाच्या फ्लास्कला ०.१ मिलीलिटर आणि ‘ब’ वर्गाच्या फ्लास्कला ०.२ मिलीलिटर इतकीच कमीजास्त चूक मान्य असते. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने प्लॅस्टिकचा फ्लास्क ‘ब’ वर्गाच्याही बाहेर जातो, मग त्यावर काहीही छापलेले असो. २० अंशांच्या जवळ ठेवलेल्या खोलीत तो आपल्या वर्गाला धरून राहील, हे मात्र मान्य करायला हवे.

या चुकीचा परिणाम किती, हे कामावर अवलंबून असते. विद्यार्थ्याच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) अंत्यबिंदू एक थेंब पुढे गेला, तर सुमारे ०.०५ मिलीलिटरची चूक होते. पंचवीस मिलीलिटरच्या वाचनात ती ०.२ टक्के झाली. प्लॅस्टिक फ्लास्कची ०.३५ टक्क्यांची चूक तिच्याहून मोठी असली, तरी शालेय प्रयोगाचा निष्कर्ष तिने बदलत नाही. पण हीच चूक संदर्भ द्रावण बनवताना झाली, तर त्या द्रावणावरून काढलेल्या प्रत्येक उत्तरात ती उतरते. म्हणून शिक्षकाने वर्गासाठी बनवायचे मूळ प्रमाणित द्रावण काचेच्या ‘अ’ वर्गाच्या फ्लास्कमध्ये बनवावे आणि विद्यार्थ्यांनी प्लॅस्टिकचे फ्लास्क वापरावेत, ही वाटणी आम्हाला योग्य वाटते. ब्युरेट आणि पिपेट मात्र काचेचेच ठेवावेत.

प्लॅस्टिकच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. पाणी त्याच्या पृष्ठभागाला फारसे चिकटत नाही, त्यामुळे द्रवाची पातळी जवळजवळ सपाट दिसते आणि नवशिक्याला ती वाचणे सोपे जाते. पण याच गुणामुळे मानेच्या आत, खुणेच्या वर, थेंब लटकून राहतात. फ्लास्क भरताना ते टिपकागदाच्या पट्टीने काढून मगच शेवटचा थेंब घालावा. प्लॅस्टिकचे मापन-फ्लास्क ओव्हनमध्ये कधीही वाळवू नयेत. ते उलटे ठेवून हवेत वाळवावेत.

प्रश्न : जीवशास्त्र विभागात आम्ही पॉलिकार्बोनेटचे फ्लास्क आणि सेंट्रिफ्यूजच्या नळ्या घेतल्या, कारण ते अभंग असल्याचे माहितीपत्रकात म्हटले होते. काही महिन्यांत ते धुरकट झाले, त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या आणि एक नळी चालू सेंट्रिफ्यूजमध्ये फुटली. माल खराब होता का?

उत्तर : मालाविषयी दुरून काही सांगता येणार नाही, परंतु वर्णनावरून कारण वापरातच असावे. पॉलिकार्बोनेट आघाताला विलक्षण चिवट आहे, आणि काचेला पर्याय म्हणून त्याचाच विचार पहिल्यांदा होतो तो यामुळेच. मात्र त्याच्या रेणूंच्या साखळ्या ज्या बंधांनी जोडलेल्या असतात, ते बंध गरम वाफेने आणि अल्कलीने तुटतात. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीत काही साखळ्या आखूड होतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत भांडे अगदी नव्यासारखे दिसते, पण त्याचे बळ तेव्हापासूनच घटू लागलेले असते. धुरकटपणा दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

बहुतेक वेळा या हानीला धुण्याची पद्धत वेग देते. काचसामान धुण्याची डिटर्जंटे बहुधा अल्कलीयुक्त असतात. त्यांचा पातळ थर भांड्यावर राहिला आणि भांडे तसेच ऑटोक्लेव्हमध्ये गेले, तर १२१ अंशांना गरम अल्कली त्या पृष्ठभागावर पंधरा-वीस मिनिटे काम करत राहते. जाळ्यासारख्या रेषा मात्र दुसऱ्या कारणानेही पडतात. साच्यात ओतून घडवलेल्या भांड्यात, विशेषतः मान, कड आणि तळ येथे, आतला ताण शिल्लक असतो. अशा जागी ॲसिटोन लागले किंवा काही वेळा पुसण्यासाठी वापरलेले अल्कोहोल वारंवार लागले, तर तो ताण बारीक चिरांच्या रूपाने मोकळा होतो. तुमच्या नळ्यांवर मार्करची अक्षरे पुसण्यासाठी ॲसिटोन वापरले जाते का, याची चौकशी करा. आमचा पहिला संशय त्यावर आहे.

रेषा पडलेली प्रत्येक नळी आणि प्रत्येक फ्लास्क आजच बाजूला काढावा. सेंट्रिफ्यूजच्या किंवा निर्वाताच्या कामात ते पुन्हा कधीही वापरू नयेत. यापुढे पॉलिकार्बोनेटसाठी उदासीन डिटर्जंट वापरावे, ऊर्ध्वपातित पाण्याने नीट खळबळावे आणि नळ्यांवर पहिल्या वापराचा महिना कोरून किंवा चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. वारंवार ऑटोक्लेव्ह करायच्या नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. पारदर्शकता आणि वाफेला टिकणे हे दोन्ही गुण हवेच असतील, तर पॉलिसल्फोन हे साहित्य आहे. त्याला किंचित पिवळसर झाक असते, पण गरम वाफ ते पुष्कळ अधिक काळ सोसते. ॲसिटोन आणि क्लोरीनयुक्त द्रावक यांपासून मात्र तेही दूरच ठेवावे लागते. पॉलिकार्बोनेटचा खरा उपयोग निर्वात डेसिकेटर, सुरक्षा-पडदे आणि झाकणे यांसाठी होतो, कारण तेथे आघात सोसायचा असतो आणि वाफेशी संबंध येत नाही.

प्रश्न : टेफ्लॉनवर कशाचाच परिणाम होत नाही, असे म्हणतात. मग सगळी भांडी त्याचीच का बनवत नाहीत?

उत्तर : महाग असणे हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतील रॉय प्लंकेट यांना अनपेक्षितपणे लागला. त्याच्यावर जवळजवळ कोणत्याच आम्लाचा, अल्कलीचा किंवा द्रावकाचा परिणाम होत नाही आणि २६० अंशांपर्यंत ते सलग वापरता येते. तरी ‘कशाचाच नाही’ म्हणता येणार नाही. वितळलेले सोडियम, द्रवरूप अमोनियात विरघळवलेले सोडियम, उच्च तापमानाचा फ्लोरीन हे त्याच्यावर हल्ला करतात. सोडियम-अमोनियाच्या अभिक्रियेत वापरलेली पांढरी चुंबकीय ढवळकांडी काळी पडून बाहेर येते, ते याचमुळे.

मोठी अडचण त्याच्या यांत्रिक गुणांची आहे. टेफ्लॉन अपारदर्शक आणि मऊ असते आणि सततच्या दाबाखाली, न तापवताही, हळूहळू सरकते. घट्ट आवळलेला टेफ्लॉनचा सांधा काही दिवसांनी सैल झालेला आढळतो. शिवाय त्याचे प्रसरण बोरोसिलिकेट काचेच्या सुमारे चाळीसपट असते. काचेच्या ब्युरेटला टेफ्लॉनची चावी (द्रव सोडण्याची तोटी) असेल, तर या दोन्ही गुणांचा अनुभव येतो. घट्ट आवळून कपाटात ठेवलेली चावी दाबाने आकार बदलते आणि पुढच्या सत्रात गळू लागते, आणि आवळलेल्या स्थितीत ब्युरेट गरम ओव्हनमध्ये गेला, तर फुगणारी चावी काचेचा सांधा फोडू शकते. म्हणून ठेवताना चावीची नटपट्टी अर्धा फेरा सैल करावी आणि वाळवताना चावी काढून घ्यावी. ग्रीस लागत नाही आणि अल्कलीने अडकून बसत नाही, या दोन कारणांसाठी ही चावी काचेच्या चावीपेक्षा निःसंशय चांगली.

आतले थोडेफार दिसायला हवे असेल, तर याच कुळातील पीएफए आणि एफईपी ही अर्धपारदर्शक साहित्ये आहेत. पहिले २६० आणि दुसरे साधारण २०० अंशांपर्यंत चालते. या कुळातील कोणतेही भांडे ज्वालेवर किंवा उघड्या हॉटप्लेटवर ठेवू नये. ३५० अंशांच्या पुढे त्यांचे विघटन होऊन विषारी वायू निघू लागतात.

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचे काचेचे बूच दर वेळी घट्ट बसते. प्लॅस्टिकची बाटली घेतली तर द्रावण खराब होईल का?

उत्तर : अल्कली प्लॅस्टिकमध्येच ठेवायला हवी. ती काच हळूहळू विरघळवते, सांध्यात सिलिकेट आणि कार्बोनेट साचतात आणि बूच जणू सिमेंटने बसवल्यासारखे होते. पॉलिथिलीनची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी. पॉलिथिलीनमधून हवेतील कार्बन डायऑक्साइड अत्यंत सावकाश आत जातो, त्यामुळे प्रमाणित द्रावण असेल तर ते वेळोवेळी पुन्हा प्रमाणित करून घ्यावे. हायड्रोजन पेरॉक्साइडही प्लॅस्टिकमध्येच आणि वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणाच्या बाटलीत ठेवतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, त्यामुळे ते काचेत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. याच्या उलट आयोडीन आणि ब्रोमीन काचेतच हवेत. आयोडीनचे द्रावण काही आठवडे पॉलिथिलीनमध्ये राहिले की, बाटलीची भिंत तपकिरी होते, आणि तो रंग म्हणजे द्रावणातून निघून गेलेले आयोडीन असते.

प्रश्न : मी पाण्यातील अल्प प्रमाणातील धातूंवर संशोधन करते. नमुने काचेत घ्यावेत की प्लॅस्टिकमध्ये, यावर आमच्या गटात एकमत होत नाही. सेंद्रिय प्रदूषकांवर काम करणारे सहकारी काचेचाच आग्रह धरतात.

उत्तर : तुम्ही आणि तुमचे सहकारी दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात. सूक्ष्म मापनात भांड्याचा टिकाऊपणा त्याच्या न फुटण्यावर ठरत नाही. भांड्याने नमुन्यात काही मिसळू नये आणि नमुन्यातून काही काढून घेऊ नये, हीच तेथे कसोटी असते.

बोरोसिलिकेट काच सोडियम, बोरॉन आणि सिलिका सोडते, तेव्हा या घटकांचे मापन काचेत करणे व्यर्थ आहे. इतर धातूंचे आयन काचेच्या भिंतीला चिकटतात आणि नमुन्यातील प्रमाण घटल्यासारखे दिसते. म्हणून धातूंसाठी पॉलिथिलीनच्या किंवा, शक्य असल्यास, पीएफए वा एफईपीच्या बाटल्या वापरतात आणि नमुना नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्याचा पीएच २ च्या खाली ठेवतात. पॉलिथिलीनमध्येही भेद आहे. जास्त घनतेचे पॉलिथिलीन बनवताना धातुयुक्त उत्प्रेरक वापरतात आणि त्यांचे अवशेष प्लॅस्टिकमध्ये राहतात, तर कमी घनतेचे पॉलिथिलीन उच्च दाबाच्या पद्धतीने, धातूच्या उत्प्रेरकाशिवाय बनते. त्यामुळे जी बाटली अधिक मऊ आणि चेपणारी, ती या कामाला अधिक स्वच्छ. कोणतीही बाटली आणली तरी विरल नायट्रिक आम्लात निदान रात्रभर बुडवून, अतिशुद्ध पाण्याने अनेकदा धुऊन मगच वापरावी, आणि प्रत्येक खेपेबरोबर एका बाटलीत नुसते शुद्ध पाणी व आम्ल घालून कोरा नमुना चालवावा. पारा मात्र अपवाद आहे. तो वायुरूपात पॉलिथिलीनच्या भिंतीतून ये-जा करतो. त्याच्यासाठी काच किंवा टेफ्लॉन घ्यावे.

सेंद्रिय पदार्थांच्या बाबतीत चित्र उलटे होते. प्लॅस्टिकमधील मृदुकारके आणि घसरण वाढवणारी द्रव्ये द्रावकात उतरतात, आणि नमुन्यातील तेलकट प्रदूषके प्लॅस्टिकमध्ये शिरतात. तेथे तपकिरी काचेची बाटली आणि झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर, हीच रीत योग्य आहे. याची व्याप्ती किती असू शकते, हे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले. रोजच्या वापरातील प्लॅस्टिकच्या नळ्या व पिपेटच्या टिप यांतून सुटलेली द्रव्ये एका विकराचे काम अडवत होती, आणि आपण औषधाचा परिणाम मोजतो आहोत, असे समजून प्रत्यक्षात नळीचाच परिणाम मोजला जाण्याचा धोका होता. पॉलिप्रॉपिलीन जैविक कामासाठी निरुपद्रवी असते, असे जे सरसकट म्हटले जाते, ते या प्रयोगानंतर तरी जपून म्हणावे.

प्रश्न : स्टीलची भांडी का वापरू नयेत? ती तर फुटतही नाहीत आणि वितळतही नाहीत.

उत्तर : पाण्याचे तापक, ट्रे, चिमटे, माध्यम ढवळण्याची मोठी पातेली यांसाठी जरूर वापरावीत. पण क्लोराइड असलेल्या द्रावणांत, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तर नक्कीच, स्टेनलेस स्टील खाल्ले जाते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील मिठाच्या पाण्यात ३०४ पेक्षा अधिक टिकते, तरी हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचाही निभाव लागत नाही. शिवाय लोह, क्रोमियम आणि निकेल द्रावणात उतरतात, ते वेगळेच.

भट्टीतील कामासाठी चिनीमातीची मूस साधारण हजार अंशांपर्यंत आणि ॲल्युमिनाची त्याच्याही खूप वर चालते. अल्कलीबरोबर वितळवायचे असेल, तर मूस निकेलची किंवा झिर्कोनियमची घ्यावी, चिनीमातीची नव्हे. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळते आणि हायड्रोफ्लोरिक आम्लही सोसते, परंतु शिसे, आर्सेनिक किंवा फॉस्फरस असलेला नमुना त्यात तापवला, तर मूस कायमची बिघडते. क्वार्ट्झ, म्हणजे वितळवून घडवलेली शुद्ध सिलिका, हा पर्याय बरेच जण विसरतात. तिचा प्रसरणांक बोरोसिलिकेटच्या सहाव्या हिश्श्याइतका असतो आणि सुमारे हजार अंशांपर्यंत ती सुखाने वापरता येते. तापमानाच्या एकाएकी बदलाने भांडी फुटणे हीच अडचण असेल, तर तिच्यावरचा खरा उपाय क्वार्ट्झ आहे.

प्रश्न : जुन्या कपाटात प्लॅस्टिकची बरीच भांडी सापडली. त्यांच्यावर नाव नाही. कोणती कशाची, हे कसे ओळखावे?

उत्तर : प्रथम तळाशी त्रिकोणातील आकडा आहे का, ते पाहा. २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिलीन, ४ म्हणजे कमी घनतेचे, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ या आकड्याखाली पॉलिकार्बोनेटसह उरलेले सगळे येते, त्यामुळे त्याने फारसा बोध होत नाही.

आकडा नसेल, तर भांडे पाण्यात बुडवून, आतली हवा काढून सोडून द्या. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिमिथिलपेंटीन तरंगतात. पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट आणि टेफ्लॉन बुडतात. काचेसारखे पारदर्शक असून तरंगते ते बहुधा पॉलिमिथिलपेंटीन. पारदर्शक असून बुडाले, तर नखाने टिचकी मारून पाहा. पॉलिस्टायरीनचा आवाज पातळ, धातूसारखा किणकिणता येतो, पॉलिकार्बोनेटचा भरीव आणि दबका. पांढरे, अपारदर्शक, मेणासारखे गुळगुळीत आणि हाताला आकाराच्या मानाने फार जड लागते, ते टेफ्लॉन. तुकडा जाळून वासावरून ओळखण्याची पद्धत जुन्या पुस्तकांत आढळते. ती वापरू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि टेफ्लॉनची वाफ त्याहून घातक असते.

एवढे करूनही ओळख पटली नाही, तर त्या भांड्यावर ‘फक्त पाणी व कोरडे पदार्थ’ अशी चिठ्ठी लावावी. पिवळे पडलेले, दाबल्यावर करकरणारे किंवा चिरा दिसणारे भांडे त्या कामालाही ठेवू नये.